बारा आणे पीक आणि रोमचा तक्ता

आमच्या भागात पीक कसं आहे हे विचारलं, की जुनी माणसं अजूनही आण्यांत सांगतात. आणा चलनातून कधीच गेला, सरकारी कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, तरी धुऱ्यावर उभा राहून पऱ्हाटीकडे बघणारा म्हातारा ‘यंदा दहा आणे’ असंच म्हणतो. त्या दोन शब्दांत हंगामाचं सगळं सार असतं. प्रश्न एवढाच, की अंजनगाव सुर्जीचे दहा आणे आणि आकोटचे दहा आणे एकच असतात का? आणि नसतील, तर दोन्ही एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडायचे कसे?

कृषी खात्याच्या सांख्यिकी शाखेतली माझी सगळी नोकरी याच प्रश्नापाशी सरली. आज देशादेशांची पाहणी करून उपासमारीचे, उत्पन्नाचे, समाधानाचे तक्ते निघतात आणि वर्तमानपत्रं त्यातला आपला क्रमांक ठळक छापतात. त्या तक्त्यांमागचं शास्त्र परदेशी विद्यापीठांत तयार झालं, असं आमच्याकडचे पुष्कळ शिकलेले लोकही मानतात. त्याचा एक मोठा धागा वऱ्हाडातल्या कपाशीच्या वावरातून निघालेला आहे. तो इथल्याच लोकांना ठाऊक नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी आणेवारी समजून घेऊ. माझे आजोबा पटवारी होते. तेव्हा अंजनगाव दर्यापूर तालुक्यात होतं. गावात किती जमीन कोणत्या पिकाखाली आहे, हे पटवाऱ्याच्या दप्तरात जवळजवळ अचूक असे. रयतवारी मोजणीमुळे प्रत्येक वावराचा नंबर आणि क्षेत्र कागदावर होतं. त्या क्षेत्राला ‘सामान्य’ एकरी उत्पन्नाने गुणायचं आणि यंदाचं पीक सामान्याच्या किती आणे आहे, त्या प्रमाणात ते खालीवर करायचं, असा हिशोब. तीन आकड्यांपैकी पहिला मोजलेला. दुसरा, सामान्य उत्पन्नाचा, वर्षानुवर्षं तोच चालत आलेला. तिसरा नजरेचा. या तिघांच्या गुणाकारावर प्रांताचं पीक ठरे, सगळ्या प्रांतांची बेरीज होऊन देशाचं ठरे, आणि तो आकडा लिव्हरपूलचा व्यापारी वाचत असे.

यातली खरी अडचण ‘सामान्य’ या शब्दात होती. काही प्रांतांत सामान्य पीक म्हणजे सोळा आणे, काही ठिकाणी बारा, काही ठिकाणी त्यांच्या मधलं काहीतरी. म्हणजे एका प्रांतातला बारा आण्यांचा आकडा पोटभर पिकाचा, तर दुसऱ्यातला पाव हिस्सा बुडाल्याचा. प्रांत सोडा, एकाच तालुक्यातही हेच होई. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची, गोड्या पाण्याची, विहिरींवर पानमळे आणि पानपिंपरी पोसणारी जमीन. दक्षिणेला दर्यापूरकडचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी पिकाच्या कामाचं नाही आणि सगळा भरवसा पावसावर. खारपाणातल्या पाटलाने ज्याला ‘चांगलं’ म्हणावं, ते पाहून पायथ्याच्या पाटलाने मान हलवली असती. दोघेही प्रामाणिक. दोघांची फूटपट्टी वेगळी. त्यात आणे कमी लागले, तर शेतसाऱ्यात सूट मिळण्याची आशा असे, त्यामुळे हात राखून सांगण्याकडेच एकूण कल. नजरेला आणखी एक सवय असते: फार चांगलं पीक ती थोडं कमी करून सांगते आणि फार वाईट थोडं सांभाळून घेते. त्यामुळे ज्या वर्षी आकड्याची सर्वात जास्त गरज, त्याच वर्षी तो सर्वात जास्त चुकतो.

ज्वारी घरात खाल्ली जाते. ती किती पिकली, याला दुसरा साक्षीदार नाही. कपाशीला होता. वेचलेला कापूस जिनात जातो, सरकी आणि रुई वेगळी होतात, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठी मोजल्या जातात. १९२१मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, १९२५मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला, आणि गिरण्यांचा खप, निर्यात व गावातला वापर मिळून होणारी बेरीज सरकारी अंदाजाशी ताडून पाहता येऊ लागली. अंदाज सारखा कमीच निघे. म्हणूनच पीक मोजण्याच्या नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायला कपाशीइतकं योग्य पीक नव्हतं आणि वऱ्हाडाइतका योग्य मुलूख नव्हता.

मापांचा गोंधळ त्याहून जुना. मुंबईचा मण २८ पौंडांचा, अशा २८ मणांची खंडी, म्हणजे ७८४ पौंड. रेल्वेचा मण मात्र ८२ पौंडांहून थोडा जास्त. ‘मणभर’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकला, तर त्यात जवळजवळ तिपटीचा फरक. वजन एक केलं, तरी कापूस म्हणजे सरकीसकट कापूस की नुसती रुई, हे विचारावंच लागे. आणि कापसातून किती टक्के रुई निघते, तो उतारा जातीगणिक बदले. वऱ्हाडात पसरलेल्या आखूड धाग्याच्या रोझियमचा रुईचा उतारा चाळिशीच्या जवळ जाई, लांब धाग्याच्या जातींचा तिशीच्या आसपास राही. एकच गुणक सगळ्यांना लावला, की तक्ता सुबक दिसतो आणि खोटा होतो.

नजरेऐवजी तराजू आणावा, ही कल्पना वऱ्हाडची नाही. १९२०च्या दशकात हबॅक नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताचे छोटे तुकडे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून कापले होते. १९३४मध्ये बाउली आणि रॉबर्टसन यांनी हिंदुस्थानच्या आर्थिक गणनेची योजना मांडली, तेव्हा पिकांच्या आकड्यांच्या कच्चेपणावर बोट ठेवलं. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात फिशर यांनी शेतातल्या प्रयोगांना गणिती शिस्त लावली होती. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेती खात्यातले आर. जे. कळमकर तिथे काम करून आलेले. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत विनायक गोविंद पानसे कपाशीच्या आनुवंशिकीवर काम करत होते. आणि दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते: सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉक्टर.

१९४२-४३च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कपाशीची नमुना पाहणी झाली. युद्धाचा काळ. पुढच्याच वर्षी बंगालचा दुष्काळ आला आणि पिकाचा आकडा खोटा असला, तर माणसं मरतात, हे सगळ्या देशाला दिसलं. मग पंजाब आणि संयुक्त प्रांतात गव्हाची, पुढे इतरत्र भाताची पाहणी सुरू झाली. पानसे आणि कळमकर यांनी १९४४ आणि १९४५मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या कामावर टिपणं लिहिली. अवघ्या काही पानांची. मी ती पहिल्यांदा वाचली, तेव्हा आपल्या ओळखीच्या मुलखाचं नाव तिथे बघून ऊर भरून आला होता.

पद्धत ऐकायला सोपी आहे. तालुका हा एक थर. थरातून गावं यदृच्छ निवडायची, गावातून वावरं, वावरातून एक तुकडा, आणि त्या तुकड्याचं पीक कापून तोलायचं. यदृच्छ म्हणजे वाटेल तसं नव्हे. प्रत्येक गावाला, प्रत्येक वावराला निवडून येण्याची ठरलेली संधी मिळाली पाहिजे आणि निवडणाऱ्याच्या मर्जीला शून्य. पाहण्यांतून एक गोष्ट फार उपयोगाची कळली: फरक वावरावावरांत असतोच, पण गावागावांत मोठा असतो. म्हणून एका गावात दहा वावरं मोजत बसण्यापेक्षा जास्त गावं घ्यावीत आणि गावागणिक दोन वावरं. आजही पीक कापणी प्रयोगात गावात साधारण दोनच वावरं येतात, त्याचं कारण हे.

आम्ही हेच काम करायचो. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, यदृच्छ अंकांच्या तक्त्यातून आलेले दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीकडे, तेवढी रुंदीकडे, आणि जिथे पाऊल पडेल तिथे खुंटी. दोरी ताणायची. मालक सोबत असायचाच. एका शेतकऱ्याने माझा हात धरून म्हटलं होतं, ‘साहेब, तिकडं काऊन जाता? तिथं तर तूट हाय. इकडची पऱ्हाटी पाहा ना, कशी डोलते!’ आपलं चांगलं पीक पाहुण्याने बघावं, ही त्याची इच्छा. पीक विमा आल्यावर ओढ उलट झाली. आता तुटीच्या जागी नेणारे हात जास्त. दोन्ही वेळा उत्तर एकच: खुंटी तक्त्याने सांगितलेल्या जागी. हे निष्ठुर वाटतं खरं, पण त्या शेतकऱ्याशी आणि त्याच्या शेजाऱ्याशी सारख्या न्यायाने वागण्याची दुसरी रीत मला माहीत नाही.

कपाशीत गव्हापेक्षा कष्ट जास्त. गहू एकदा कापला की झालं. कपाशीचा पहिला वेचा सीतादहीची पूजा करून सुरू होतो, मग दुसरा, तिसरा, फरदड ठेवली तर आणखी. प्रत्येक वेळी त्याच तुकड्यातला कापूस वेगळा वेचून तोलायचा. दिवाळीच्या सुमाराला खुंटी ठोकलेल्या वावरात संक्रांतीनंतरही जावं लागतं. वेचणाऱ्या बायांना दोरीच्या आतलं वेगळं पदरात घ्यायला सांगावं लागतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, तर तालुक्यापासून दिल्लीपर्यंतचा कुठलाच तक्ता खरा होणार नाही.

तुकडा केवढा घ्यायचा, यावरून १९४०च्या दशकात मोठा वाद झाला. कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस तागाच्या आणि भाताच्या पाहण्या करत होते. त्यांचा भर लहान तुकड्यांवर: पटकन कापता येतो, जास्त गावं होतात, फिरतं पथक पुरतं. सुखात्म्यांचं म्हणणं, की तुकडा लहान झाला, की उत्पन्न फुगतं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न कापणाऱ्याला पडतो आणि हात बहुतेक वेळा आत धरतो. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या: एका चौरस फुटामागे एक फूट कड येते. ३३ फूट बाजूचा समभुज त्रिकोण घ्या: एका चौरस फुटामागे कड जेमतेम अडीच इंच. मुरादाबाद जिल्ह्यात त्यांनी गव्हाच्या वावरांतून वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले आणि सर्वात लहान वर्तुळात फुगवटा चाळीस टक्क्यांच्या घरात निघाला. १९४६मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी ते छापलं. या मुद्द्यावर मी सुखात्म्यांच्या बाजूचा आहे. खुंटी ठोकलेला कुणीही असेल. पण महालनोबिसांचीही एक गोष्ट मी तितक्याच आदराने घेतो. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं पाठवायची आणि त्यांचे आकडे ताडायचे. माणूस बदलल्याने आकडा किती बदलतो, ते उघडं पडतं.

मुरादाबादच्या प्रयोगात तुलनेच्या शास्त्राचा गाभा आहे. दोन ठिकाणी दोन मापं वापरली असतील, तर आकडे घरी बसून जुळवता येत नाहीत. काही वावरं अशी घ्यावी लागतात, जिथे दोन्ही मापं लागतील. तिथून एका मापाचं दुसऱ्याशी नातं कळतं आणि मगच बाकीचे आकडे एका रांगेत आणता येतात. नजर अंदाज आणि कापणी यांचाही असाच मेळ घालता येतो: नजर अंदाज सगळ्या वावरांचा, कापणी थोड्यांची, आणि त्या थोड्यांतून मिळालेल्या गुणोत्तराने सगळ्यांची दुरुस्ती.

१९५१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं कार्यालय वॉशिंग्टनहून रोमला आलं आणि त्याच वर्षी सुखात्मे तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. दिल्लीत त्यांच्या जागी पानसे आले. दोघांनी मिळून लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४चं. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या टेबलावर ते असे. रोममध्ये सुखात्म्यांपुढे जो प्रश्न आला, तो दर्यापूर तालुक्याचाच होता, फक्त जगाएवढा. कुठल्या देशाचं पीक नजरेचं, कुठल्याचं तोललेलं, कुठे धान्य सालासकट, कुठे सडीक. आणि त्याहून अवघड: कोणत्या देशात किती लोक उपाशी आहेत?

संघटनेचे पहिले प्रमुख बॉइड ऑर यांनी १९५०मध्ये म्हटलं होतं, की दोन तृतीयांश मानवजात जन्मभर अर्धपोटी किंवा उपाशी असते. आकडा जगभर गाजला. सुखात्म्यांनी विचारलं, कोणत्या मापाने? एका देशाची सरासरी एका ठरीव गरजेखाली आली, की तो सबंध देश उपाशी धरायचा, हे त्यांना पटत नव्हतं. त्या काळी उष्मांकांच्या गरजेचा हिशोब एका कल्पित माणसावरून चाले: वय २५, वजन ६५ किलो, राहण्याच्या जागेचं वार्षिक सरासरी तापमान १० अंश. अकोल्याचं सरासरी तापमान सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात आणि इथला शेतमजूर कुठला ६५ किलोंचा! म्हणून गरज प्रत्येक देशाच्या हवेप्रमाणे, वजनाप्रमाणे, मुलं-म्हातारे-बायका यांच्या प्रमाणाप्रमाणे वेगळी काढायची, आणि सरासरीला सरासरीशी न भिडवता खाणाऱ्यांचा विस्तार गरजेच्या विस्ताराशी ताडायचा. १९६१मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की जगातले दहा ते पंधरा टक्के लोक पोटाला कमी खातात, आणि उपासमार व कुपोषण मिळून धरलं, तर तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोक त्यात येतात. पोटाला कमी खाणाऱ्यांचं प्रमाण संघटना आजही काढते, ते याच विचाराच्या पायावर.

पुढे पुण्याला परतल्यावर सुखात्म्यांनी असं मांडलं, की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, म्हणून भुकेची रेघ आणखी खाली घ्यावी. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला, आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही. इथे मी दांडेकरांसोबत आहे. निंदणाला जाणारी बाई कमी खाऊन जगते, म्हणजे तिला तेवढंच लागतं, असं मी तिच्या गावात उभं राहून म्हणू शकणार नाही.

आता देशादेशांत लोकांना थेट प्रश्न विचारतात: तुमची तब्येत कशी आहे, सरकारात तुमचं किती चालतं, एक ते पाच यांत सांगा. माझ्या कानाला हे आणेच वाटतात. अमर्त्य सेनांनी २००२मध्ये दाखवलं, की सर्वात दीर्घायुषी केरळात लोक आजार सर्वात जास्त सांगतात आणि बिहारात सर्वात कमी. शिकलेल्याला, दवाखाना जवळ असलेल्याला आजार ओळखू येतो. २००४मध्ये गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला. सगळ्या देशांत स्वतःबद्दलच्या प्रश्नासोबत त्याच काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी सांगायच्या आणि ‘याचं सरकारात किती चालतं’ हेही विचारायचं. नुसत्या उत्तरांत चिनी लोक मेक्सिकोच्या लोकांपेक्षा आपलं जास्त चालतं, असं सांगत होते. गोष्टींवरून प्रत्येकाची पट्टी ओळखून दुरुस्ती केली, तेव्हा क्रम उलटला. खारपाणातल्या पाटलाला आणि पायथ्याच्या पाटलाला एकाच वावरावर नेऊन ‘हे किती आणे?’ विचारलं असतं, तर तेच झालं असतं.

आज कपाशीच्या बाबतीत रोज ऐकू येणारी तुलना म्हणजे भारताची हेक्टरी रुई साडेचारशे किलोंच्या आसपास आणि ऑस्ट्रेलियाची त्याच्या चौपट. त्यावरून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवणारे लेख मी वाचले आहेत आणि मला ते सहन होत नाहीत. भारताची गाठ १७० किलोंची, अमेरिकेची ४८० पौंडांची, ऑस्ट्रेलियाची २२७ किलोंची. गाठी मोजणाऱ्याने एवढं तरी बघावं. ऑस्ट्रेलियातली कपाशी बहुतांश ओलिताची, आमची बहुतांश कोरडवाहू. कोरडवाहूची कोरडवाहूशी आणि ओलिताची ओलिताशी वेगवेगळी तुलना करून, मग दोन्ही देशांना ओलित-कोरडवाहूचं एकच प्रमाण लावून बेरीज करायची, ही रीत सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

देशाच्या आतलाही हिशोब अजून पुरता जुळलेला नाही. पीक कापणीचा तुकडा बहुतेक राज्यांत पाच मीटरचा चौरस, आमच्याकडे सोयाबीनला १० बाय ५ मीटरचा आयत, उत्तर प्रदेशात १० मीटर बाजूचा त्रिकोण, पश्चिम बंगालमध्ये त्याहून लहान वर्तुळ. आमच्या आयतात एका चौरस मीटरमागे ०.६ मीटर कड येते, त्या वर्तुळात त्याहून बरीच जास्त. १९४६चा वाद अजून आपल्या खुंट्यांमध्ये शिल्लक आहे. राज्यांची उत्पादकता उतरत्या क्रमाने छापणाऱ्या प्रत्येक तक्त्यात, राज्याच्या नावापुढे आणखी एक रकाना असावा आणि त्यात तुकड्याचा आकार व क्षेत्र लिहावं, असं मी खात्यात असताना सुचवत आलो. आताही, खात्यातल्या नव्या लोकांना शिकवायला बोलावतात, तेव्हा फळ्यावर पहिल्यांदा तोच रकाना आखतो.